चित्रकलेचा तास रिकामा नसतो

शाळेचा खरा विचार तिच्या वेळापत्रकातून वाचता येतो. प्रवेशद्वारावरील सुवचने आणि वार्षिक अहवालातील उद्दिष्टे यांतून शाळा जे सांगते, त्याहून अधिक काही ती परीक्षा जवळ आल्यावर कोणता तास कोणाच्या हवाली करते यातून सांगून जाते. चित्रकला शिक्षक म्हणून मी ३१ वर्षे ग्रामीण भागातील शाळांत काढली. त्यांतील बराच काळ निवासी शाळांत गेला. दिवाळीनंतर आठवी-नववीचा चित्रकलेचा तास गणिताला किंवा इंग्रजीला द्यावा लागला नाही, असे एकही वर्ष मला आठवत नाही. मागणारे सहकारी सज्जन होते आणि त्यांची अडचणही खरी होती. ‘तुमचा काय सर, चित्रांचाच तास’ हे वाक्य ते कोणाला दुखावण्यासाठी म्हणत नसत. खेदाची गोष्ट अशी की, पुढे पुढे तो तास देऊन टाकताना मलाही काही वाटेनासे झाले होते.

या शेवटच्या वाक्यासाठीच हा लेख लिहीत आहे. चित्रकला शिक्षकाच्या वाट्याला दोन समजुती येतात. पहिली त्याच्या तासाविषयीची: चित्रकला हा अभ्यासाने थकलेल्या मुलांचा विरंगुळा आहे. दुसरी त्याच्या स्वतःविषयीची: ज्याला चित्रकार होता आले नाही, तो चित्रकलेचा शिक्षक होतो. पहिली समजूत शाळेत ऐकू येते, दुसरी कलावंतांच्या बैठकीत. माझ्या मते या दोन्हींचे मूळ एकच आहे. चित्र म्हणजे हाताचे कौशल्य, आणि शिकवणे म्हणजे ते कौशल्य दुसऱ्याच्या हातात उतरवणे, असे आपण धरून चालतो. चित्रकलेचा तास हा मुख्यतः पाहण्याच्या शिस्तीचा तास आहे असे मानले, तर यातील एकही समजूत टिकत नाही. मग तो तास मुलांना अत्यावश्यक ठरतो, आणि तोच तास शिकवणाऱ्या चित्रकारालाही घडवतो. हे म्हणणे मला एका अमूर्त चित्रकाराच्या चरित्रातून स्पष्ट झाले. त्याचे नाव जोसेफ अल्बर्स.

अल्बर्स यांचा जन्म १८८८ साली जर्मनीतील बॉट्रॉप या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. वडील घरे रंगवण्याचा व्यवसाय करीत आणि सुतारकामापासून काचकामापर्यंत सर्व कामे जाणत. दार रंगवायचे तर मध्यापासून सुरुवात करून कडेकडे यावे, म्हणजे ओला रंग आपल्याच बाहीला लागत नाही, हे त्यांनी मुलाला शिकवले. मुलाने ते आयुष्यभर लक्षात ठेवले. अध्यापन पदविका घेऊन जोसेफ १९०८ साली प्राथमिक शिक्षक झाले आणि आपल्याच परिसरातील शाळांतून मुलांना सर्व विषय शिकवू लागले. कला शिक्षकाचे प्रमाणपत्र त्यांनी बर्लिनला जाऊन १९१५ साली मिळवले. म्हणजे पुढे जगाने ज्यांना आधुनिक चित्रकार म्हणून ओळखले, त्यांच्या उमेदीची वर्षे खडू-फळ्यापाशीच गेली.

वयाच्या ३२ व्या वर्षी, १९२० साली, ते वायमार येथील बाउहाउस या नव्या कलाशाळेत पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या या शाळेत चित्रकला, वास्तुरचना आणि हस्तव्यवसाय यांच्यातील भिंती पाडण्याचा प्रयत्न चालू होता. पहिल्या महायुद्धानंतरचा तो काळ टंचाईचा होता. रंग आणि कॅनव्हास घेण्यास अल्बर्स यांच्यापाशी पैसे नव्हते. तेव्हा ते पाठीवर पिशवी आणि हातात हातोडी घेऊन गावाच्या उकिरड्यावर गेले, फुटलेल्या बाटल्यांच्या रंगीत काचा गोळा करून आणल्या आणि त्या तारेने व जाळीने बांधून प्रकाशात धरण्याची चित्रे तयार केली. अमूर्त चित्रकार म्हणून त्यांची ओळख पटते ती या काचांपासून. पुढे शाळेने काचशाळेची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवली.

१९२३ साली ग्रोपियस यांनी त्यांना प्रवेशवर्गाला शिकवण्यास सांगितले. पॉल क्ले यांच्यासारखे चित्रकार १९२१ पासून तेथे शिकवीतच होते. पण शाळेत विद्यार्थी म्हणून आलेला आणि पुढे तिथलाच अध्यापक झालेला माणूस म्हणून अल्बर्स यांचे स्थान वेगळे होते. त्यांच्या वर्गाची एक हकिगत त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवली आहे. अल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले, मुलांना वाटून म्हणाले की, यातून काहीतरी तयार करा, मात्र कागदाचा मान राखा. आणि निघून गेले. काही तासांनी परत आले तेव्हा वर्गात कागदाचे किल्ले, विमाने, प्राणी उभे होते. अल्बर्स यांनी ती सर्व बाजूला सारली. ही चित्रे-खेळणी धातूची किंवा लाकडाची अधिक चांगली झाली असती, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी एक अगदी साधी कृती उचलली. एका मुलाने कागद नुसता उभा दुमडला होता, आणि त्यामुळे एरवी लोळणारा तो मऊ कागद स्वतःच्या कडेवर ताठ उभा राहिला होता. कागदाला काय करता येते, हे त्या एकाच मुलाने पाहिले होते.

ही हकिगत वाचली तेव्हा मला माझा कार्यानुभवाचा तास आठवला. आमच्याकडेही वर्षानुवर्षे कागदाच्या होड्या, टोप्या आणि पंखे झाले. वस्तू तयार झाली की मुलांचे आणि माझेही समाधान होई. कागदाकडे मात्र आम्ही कोणीच पाहिले नाही.

जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि १९३३ साली बाउहाउस बंद पडले. अल्बर्स यांच्या पत्नी ॲनी या विणकामाच्या श्रेष्ठ कलावंत. त्यांचे कुटुंब मूळचे ज्यू. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दोघे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात नुकत्याच सुरू झालेल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात दाखल झाले. अल्बर्स यांना तेव्हा इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. तुम्ही इथे काय करणार, असे विचारले गेले तेव्हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी उत्तर दिले ते इतकेच की, आपण डोळे उघडण्याचे काम करू.

ही स्मरणिका ज्या शाळेची आहे तिच्या वाचकांना ब्लॅक माउंटन जवळचे वाटावे. तेही निवासी होते. डोंगराच्या कुशीत, पैशाच्या सततच्या ओढाताणीत चालणारे. विद्यार्थी आणि अध्यापक एकत्र जेवत, शेतावर राबत. नव्या जागेतील अभ्यासाची इमारतही त्यांनी मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या हातांनी उभारली. गुणांच्या स्पर्धेला तेथे महत्त्व नव्हते. मात्र एक गोष्ट त्या संस्थेने प्रारंभीच ठरवली होती: कला हा अभ्यासक्रमाच्या कडेचा विषय राहणार नाही, तो मध्यभागी असेल. जो पुढे वैद्य किंवा शेतकरी होणार आहे, त्यानेही पाहायला शिकले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. अल्बर्स यांनी तेथे १९४९ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षे शिकवले.

साधनांचा तुटवडा तेथेही होता. अल्बर्स यांनी त्या तुटवड्याचीच शिकवणूक केली. झाडांची गळालेली पाने, टाकाऊ कागदाचे तुकडे, तार ही त्यांच्या वर्गाची सामग्री. रंग शिकवताना ते कुंचल्याऐवजी रंगीत कागद देत. त्यामागे काटकसर होतीच, पण विचारही होता. रंग कालवण्यात हात गुंततो, आणि पुन्हा तीच छटा हवी असेल तर ती नेमकी साधत नाही. कागदाचा तुकडा मात्र कितीही वेळा उचलून दुसऱ्या रंगावर ठेवून पाहता येतो. वर्गात प्रश्न असे असत: एकच रंग दोन ठिकाणी दोन वेगळे रंग वाटेल असे करून दाखवा. दोन वेगळे रंग एकसारखे वाटतील असे करून दाखवा. याचे उत्तर पाठ करता येत नाही, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवताही येत नाही. तुकडा ठेवावा, पाहावे, चुकावे आणि पुन्हा ठेवावा, एवढाच मार्ग असतो.

या शिक्षणाला एक सामाजिक बाजू होती आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो अमेरिकेच्या दक्षिण भागातील वर्णभेदाचा काळ होता. शाळा, बस, आगगाडीचे डबे कातडीच्या रंगावरून वेगळे होते. १९४४ च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटनने अल्मा स्टोन विल्यम्स या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला प्रवेश दिला. १९४६ च्या उन्हाळी वर्गांसाठी अल्बर्स यांनी कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्स यांना शिकवण्यास बोलावले. प्रवासात लॉरेन्स पतिपत्नींना वेगळ्या डब्यात बसवले जाण्याचा अपमान होऊ नये म्हणून अल्बर्स यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र डब्याची व्यवस्था केली, असे लॉरेन्स यांच्या चरित्रात सांगितले जाते. ज्या समाजाने पाणवठ्याची आणि पंगतीची वाटणी सोसली, त्याला या व्यवस्थेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्याच वर्षी तेथे रूथ असावा ही विद्यार्थिनी आली. कॅलिफोर्नियातील जपानी वंशाच्या शेतकरी कुटुंबातील ही मुलगी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, तेव्हा १९४२ साली या कुटुंबाला प्रथम घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील तबेल्यात राहावे लागले. रूथ यांना चित्रकलेची शिक्षिका व्हायचे होते. अध्यापक विद्यालयातील अभ्यासक्रम झाला, पण जपानी वंशाच्या मुलीला सराव-पाठ घेऊ देण्यास शाळा मिळेना, आणि पदवी राहिली. अशा अवस्थेत त्या ब्लॅक माउंटनला आल्या आणि तीन वर्षे अल्बर्स यांच्याकडे शिकल्या. पुढे तारेच्या विणीतून त्यांनी जी पारदर्शक, एकात एक सामावलेली शिल्पे केली, ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. १९६८ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमधील एका सरकारी प्राथमिक शाळेत कलावर्ग सुरू केला, तेथे कलावंत स्वतः मुलांबरोबर काम करीत. पुढे त्याच शहरातील सरकारी कलाशाळेला २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. ज्या मुलीला सराव-पाठालाही उभे राहू दिले नव्हते, तिच्या नावाची ती शाळा आहे.

आता प्रश्न असा की, हे सारे शिकवीत असताना चित्रकार अल्बर्स यांचे काय झाले? कलावंतांच्या बैठकीतील समजूत खरी असती तर ते संपायला हवे होते. घडले उलट. १९५० साली ते येल विद्यापीठात डिझाइन विभागाचे प्रमुख झाले, आणि त्याच वर्षी, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांनी ‘चौकोनाला अभिवादन’ या चित्रमालिकेला हात घातला. १९७६ साली मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, ते ही मालिका रंगवत राहिले. चित्रांची संख्या हजाराच्या वर गेली.

या चित्रांची रचना कोणत्याही शाळकरी मुलाला समजेल इतकी साधी आहे. एका चौकोनात दुसरा, त्यात तिसरा, कधी चौथा. हे चौकोन बरोबर मध्यावर नसतात, थोडे खाली उतरलेले असतात. खालचे अंतर एक धरले तर दोन्ही बाजूंची दोन-दोन आणि वरचे तीन, असे त्यांचे प्रमाण ठरलेले. पृष्ठभाग हार्डबोर्डचा; रंग नळीतून काढलेला, बहुधा न कालवलेला, आणि कुंचल्याऐवजी पॅलेट नाइफने पसरलेला. सुरुवात मधल्या चौकोनापासून करायची आणि कडेकडे यायचे, वडिलांनी दार रंगवायला शिकवले होते तसेच. कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला याची नोंद चित्राच्या पाठीमागे. रचना तीच ठेवून फक्त रंग बदलायचे. तेवढ्याने एका चित्रातील मधला चौकोन खोल विहिरीसारखा आत जातो आणि दुसऱ्या चित्रातील तसाच चौकोन दिव्यासारखा पुढे येतो.

येथे माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. वर्गातील रंगीत कागदांचे प्रयोग आधी झाले आणि चौकोन नंतर आले. शेजार बदलला की रंग बदलतो, हे अल्बर्स यांनी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांबरोबर टेबलावर पाहिले, त्यांच्या चुकांतून पाहिले. आणि मग तोच प्रश्न त्यांनी आपल्या चित्राला विचारला. त्यांचा वर्ग हा त्यांच्या चित्रशाळेचाच दुसरा भाग होता. १९६३ साली त्यांचा रंगविषयक ग्रंथ येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यातील रंगीत पाने मुख्यतः विद्यार्थ्यांनी केलेल्या अभ्यासांची आहेत, आणि ग्रंथ विद्यार्थ्यांनाच कृतज्ञतापूर्वक अर्पण केलेला आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. त्या संग्रहालयात हयातीत असा मान मिळालेले ते पहिले चित्रकार. तो मान ज्यांना मिळाला त्यांची नोकरी प्राथमिक शाळेत सुरू झाली होती, हे आमच्या कला शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

अल्बर्स यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा माझा हेतू नाही. ते कडक होते. विद्यार्थ्यांनी आल्या आल्या भावना व्यक्त करायला लागावे, हे त्यांना पसंत नव्हते. आधी पाहणे शिका, मग बोला, असा त्यांचा खाक्या. अनेकांना तो जाचला. १९४८ साली त्यांच्याकडे आलेल्या रॉबर्ट राउशेनबर्ग यांचे आणि त्यांचे अजिबात जमले नाही. राउशेनबर्ग पुढे अगदी उलट दिशेने गेले, मोडक्या वस्तू आणि फाटक्या कापडांची चित्रे करू लागले, आणि तरीही आपले सर्वांत महत्त्वाचे शिक्षक म्हणून त्यांनी अल्बर्स यांचेच नाव घेतले. शिक्षकाचे यश मोजण्याची ही कसोटी मला पटते. त्याच्यासारखी चित्रे काढणारे किती झाले यापेक्षा, त्याच्याकडून डोळे घेऊन स्वतःच्या वाटेने किती जण गेले, हे पाहावे.

शिकवणे आणि अमूर्त चित्र एकत्र नांदल्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत शंकर पळशीकर यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांचे विद्यार्थी, कोकणातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्मलेले प्रभाकर कोलते, यांनी त्याच शाळेत १९७२ ते १९९४ अशी बावीस वर्षे शिकवले आणि त्याच काळात आपली अमूर्त चित्रभाषा घडवली. शिवाय कलेविषयी मराठीत सातत्याने लिहिले. नसरीन मोहमदी यांनी १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवले. कागदावर शाईने आणि पेन्सिलीने ओढलेल्या त्यांच्या बारीक रेषा त्याच वर्षांतल्या. १९९० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांचे अध्यापन चालू होते. नोकरी करावी लागली म्हणून यांची चित्रे उणी ठरली, असे कोणी म्हणणार नाही.

पण ही मोठ्या शहरांतील कला महाविद्यालयांची गोष्ट झाली. खेड्यातील निवासी शाळेत, ज्या मुलांना रंगपेटी वर्गणी काढून आणावी लागते, तेथे अमूर्त चित्राचा आणि अल्बर्स यांचा काय उपयोग, असे कोणी विचारील. या प्रश्नाला मी अनुभवाने उत्तर देतो.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी एक प्रयोग करीत असे. घोटीव कागदाच्या एका करड्या तावातून दोन सारखे तुकडे कापायचे. एक काळ्या कागदावर चिकटवायचा, दुसरा पांढऱ्यावर. मग मुलांना विचारायचे, दोन्हींत उजळ कोणता? वर्ग एकमुखाने काळ्यावरचा तुकडा दाखवी. दोन्ही एकाच तावाचे आहेत, असे सांगितले की मुले मानत नसत. मानू नका, असे मी म्हणे. मग कोणीतरी पुढे येऊन वहीच्या पानाला दोन भोके पाडी, ते पान दोन्ही कागदांवर ठेवी आणि भोकांतून फक्त तुकडे पाही. एकदा सातवीतील एका मुलीने पान ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘सर, मग तो तुकडा खरा कसा आहे?’ त्या प्रश्नासाठी मी तो तास वाट्टेल त्या किमतीला घेतला असता. शेजारामुळे एखादी वस्तू उजळ किंवा काळवंडलेली दिसते, आणि तपासल्याशिवाय डोळ्यांवरही विसंबू नये, हे त्या वर्गाला वीस मिनिटांत स्वतःच्या हाताने कळले होते. माणसांविषयी असे ठरवून बसलेले निवाडे ज्या मुलांना पुढे आयुष्यभर ऐकायचे आहेत, त्यांना ही सवय लवकर लागलेली बरी.

आणखी एकदा मी अल्बर्स यांच्या चौकोनांची छापील चित्रे वर्गात नेली. अमूर्त, आधुनिक वगैरे शब्द मी वापरणारच होतो, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, ही तर आमच्या आजीची गोधडी.’ वर्ग हसला. मुलगा ओशाळला. पण तो बरोबर होता. जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरून, हा हिरवा त्या जांभळ्याजवळ नको, इकडे असू दे, असे ठरवणारी आणि मग कडेपासून मध्याकडे टाके घालीत जाणारी बाई रंगांच्या शेजाराचाच विचार करीत असते. तिने कोणत्याही शाळेत तो शिकलेला नसतो. आमची मुले अमूर्ताला अनोळखी नाहीत. अनोळखी आहे ते हे की, घरात जे चालते त्यालाही विचार म्हणतात, असे त्यांना शाळेत कोणी सांगत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना माझा विरोध नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव मी वर्षानुवर्षे करून घेतला आहे, आणि त्याचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळाले की मुलांच्या पालकांइतकाच आनंद मलाही झाला आहे. माझी तक्रार माझ्या स्वतःच्या शिकवण्याविषयी आहे. संकल्पचित्राचे ठरलेले नमुने मी गिरवून घेतले. वस्तुचित्रातील मडक्याची सावली कोणत्या बाजूला द्यायची हे मी फळ्यावर सांगून टाकले. खिडकीतून ऊन कोणत्या बाजूने येत आहे हे मुलांनी मडक्याकडे पाहून ठरवायचे असते, हे विसरून गेलो. गुण मिळाले, पाहणे राहिले.

म्हणून निवासी शाळा चालवणाऱ्या मंडळींपुढे मी तीन गोष्टी ठेवू इच्छितो. पहिली: आठवड्यातील चित्रकलेचा निदान एक तास असा असावा की, जो कोणत्याही परीक्षेसाठी दुसऱ्या विषयाला दिला जाणार नाही. वसतिगृहात मुले चोवीस तास असतात. जादा तासांना वेळ इतरत्र काढता येतो. दुसरी: साधनांच्या अभावाचे कारण पुढे करू नये. रद्दी, पाने, खडे, शिंप्याकडील चिंध्या आणि मूठभर घोटीव कागद एवढ्यावर वर्षभराचा अभ्यास होऊ शकतो. उकिरड्यावरील काचांपासून ज्यांची चित्रकला उभी राहिली, त्यांचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. चित्रकला शिक्षकाने स्वतः चित्र काढणे थांबवू नये, आणि शाळेने त्याला ते थांबवू देऊ नये. स्नेहसंमेलनाचे फलक, स्वागताच्या कमानी आणि फळ्यावरचे सुविचार रंगवण्यात त्याचा सगळा हात खर्ची पडतो. ती कामे हलकी नाहीत, पण त्यात त्याला नवा प्रश्न पडत नाही. ज्याला स्वतःला प्रश्न पडत नाही, तो मुलांना उत्तरेच सांगत राहतो. शाळेतील एखादी कोपऱ्यातील खोली, आठवड्यातील दोन मोकळे तास आणि अर्धवट चित्र सुकत ठेवण्याची मुभा एवढे त्याला मिळाले, तर त्याचा लाभ शेवटी वर्गालाच होतो.

निवृत्त झाल्यावर मी पुन्हा रंग हातात घेतले आहेत. गावाकडच्या घराच्या पडवीत बसतो आणि कागदाचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहतो. बहुतेक दिवस काही साधत नाही. अल्बर्स यांनी चौकोन सुरू केले तेव्हा त्यांचे वय ६२ होते, याचा आधार वाटतो. पण त्यांच्या मागे वर्गात पाहिलेली चाळीस वर्षे होती, हेही विसरता येत नाही. मीही तितकी नाही तरी ३१ वर्षे वर्गात उभा होतो, आणि त्यांतील पुष्कळ तास मी मुकाट्याने देऊन टाकले. मला हे उशिरा कळले. या शाळेत आज जो तरुण सहकारी चित्रकलेचा तास घेत असेल, त्याच्याकडे दिवाळीनंतर कोणी तो तास मागायला येईल, तेव्हा त्याने नम्रपणे नाही म्हणावे.